व्यायाम नेमका कोणता दिला, तेही लिहा: पुनर्वसनावर संशोधन करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
खेळातल्या दुखापती, पाठीचा कणा आणि स्नायू-सांध्यांचं पुनर्वसन या विषयांवर संशोधन करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि प्राध्यापक; तसंच त्यांचे शोधनिबंध तपासून छापणारे संपादक, यांस

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर गुडघे, खांदे, कंबर, घोटे यांच्याशी गाठ असते आणि जमेल तेव्हा तुमचे निबंध वाचते. उद्या येणाऱ्या पेशंटला काय द्यायचं, हे ठरवण्यासाठी मला ते वाचावेच लागतात. तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच एक तक्रार जाहीरपणे मांडते आहे. उपचाराचा निकाल तुम्ही दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांपर्यंत लिहिता, पण उपचार काय होता हे दीड ओळीत उरकता.

ती दीड ओळ साधारण अशी असते: रुग्णांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, कोअर स्ट्रेंथनिंग आणि स्ट्रेचिंगचे व्यायाम देण्यात आले. बस्स. मग तक्ते, आलेख, आणि गट ‘अ’मध्ये वेदना लक्षणीय कमी झाल्याचा निष्कर्ष.

आता समजा, माझ्यासमोर चाळिशीतली एक बाई बसली आहे. दोन महिन्यांपासून कंबर दुखते, बुटाची लेस बांधायला वाकलं की कळ येते, आणि एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळताना श्वास रोखला जातो. तुमचा निष्कर्ष मला पटलाय. पण मी तिला नेमकं काय करायला सांगू? व्यायाम आडवं पडून की उभ्याने? वजन घेऊन की नुसतं शरीराच्या भारावर? किती वेळा, आणि दोन सेटच्या मध्ये किती थांबायचं? दुखणं दहापैकी चारवर गेलं तर थांबायचं, की करत राहायचं? व्यायाम वाढवायचा तो तिला सोपा वाटायला लागल्यावर, की ठरलेला आठवडा उजाडल्यावर? तुमच्या अभ्यासात फिजिओ शेजारी उभा होता, की रुग्णाला चित्रांचा कागद देऊन घरी पाठवलं होतं? आणि शेवटचा प्रश्न, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: व्यायाम देताना तिला काय सांगितलं होतं? ‘जपून करा, जास्त वाकू नका’ असं, की ‘थोडं दुखेल, पण त्याने काही बिघडत नाही, वाका’ असं? हालचाल तीच, वजन तेच, पण ही दोन वाक्यं म्हणजे दोन वेगळे उपचार आहेत. पहिलं ऐकलेली बाई घरी जाऊन पाठ ताठ ठेवून बसते. दुसरं ऐकलेली जमिनीवर पडलेली वस्तू स्वतः उचलून बघते. तुमच्या दीड ओळीत या दोघी एकाच गटात मोजल्या जातात.

एखाद्या औषधाच्या चाचणीत ‘रुग्णांना गोळ्या देण्यात आल्या’ एवढंच लिहिलं असतं, तर तुमच्यापैकी एकाही संपादकाने तो निबंध पुढे जाऊ दिला नसता. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, किती दिवस, आणि किती जणांनी ती खरोखर घेतली, हे सगळं आधी मागितलं असतं.

ही एकटीची कुरकुर नाही. 2013 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका पाहणीत औषधाविनाच्या 137 उपचारांची वर्णनं तपासली होती. दुसऱ्याला तो उपचार करता येईल इतपत वर्णन निघालं फक्त 53 उपचारांचं, म्हणजे 39 टक्क्यांचं. लेखकांना पत्रं पाठवून, विचारून, माहिती मागवून हा आकडा 59 टक्क्यांपर्यंत गेला. याचा अर्थ, बरीच माहिती लेखकांच्या कपाटात होती, फक्त छापलेली नव्हती. उरलेल्या उपचारांपर्यंत पाहणी करणारे लेखकांना विचारूनही पोचू शकले नाहीत. त्या चाचण्यांमध्ये माणसांनी वेळ दिला, कळा सोसल्या, फॉर्म भरले. त्यांनी नेमकं काय केलं, हे मात्र निबंध वाचून सांगता येत नाही.

याउलट काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. 1998 मध्ये स्वीडनच्या हकन आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी टाचेच्या शिरेच्या, म्हणजे अकिलीस टेंडनच्या, जुनाट दुखण्यावर एक छोटा अभ्यास छापला. हौशी खेळाडू, फक्त पंधरा. तुलनेसाठी नेहमीच्या मार्गाने गेलेले आणखी पंधरा, ज्यांची अखेर शस्त्रक्रिया झाली. चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी नाही. पुराव्याच्या उतरंडीत असा अभ्यास बराच खाली बसतो. पण त्यात काय केलं, ते मी आज डोळे मिटून सांगू शकते. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची, आणि वर येताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यायचा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. प्रत्येकी पंधराचे तीन सेट, दिवसातून दोनदा, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. दुखलं तरी चालेल, अगदीच असह्य झालं तर थांबा. आणि दुखेनासं झालं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवा.

एवढं वाचलं की दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलाही फिजिओ तो उपचार सुरू करू शकतो. म्हणून तर हे पंधरा माणसांचं काम जगभर पोचलं. अभ्यासाचा आकार वाढवायला पैसे लागतात, हे मला समजतं. वर्णन स्पष्ट करायला तेवढे लागत नाहीत.

आणि स्पष्ट लिहिलं की त्यावर प्रश्नही विचारता येतात. दिवसाला 180 वेळा टाच खाली न्यायची खरंच गरज आहे का, असं लोकांना वाटलं. मग 2014 मध्ये एका चाचणीत काही जणांना पूर्ण 180 सांगितलं आणि काहींना ‘झेपेल तेवढं’ सांगितलं. सहा आठवड्यांनी दोन्ही गट साधारण सारख्याच ठिकाणी होते. 2015 मध्ये डेन्मार्कमध्ये याच व्यायामाची तुलना आठवड्यातून तीनदा, जड वजनाने, सावकाश केलेल्या व्यायामाशी झाली. दोन्हींनी गुण आला. आज माझा पेशंट म्हणतो, ‘रोज दोनदा जमणार नाही’, तेव्हा त्याला दुसरा रस्ता दाखवायला माझ्या हातात काहीतरी असतं. पहिल्या निबंधात जर ‘पोटरीचे बळकटीकरण’ एवढंच लिहिलेलं असतं, तर पुढचे दोन प्रश्न कुणाला पडलेच नसते.

आता पाठीकडे या. जुनाट कंबरदुखीवर व्यायामाचा उपयोग होतो का, यावर कॉक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात 249 चाचण्या एकत्र केल्या आहेत. चोवीस हजारांहून जास्त माणसं. निष्कर्ष असा की काहीच न करण्यापेक्षा किंवा नेहमीच्या उपचारापेक्षा व्यायाम बरा, आणि वेदनेत 100 पैकी सुमारे 15 गुणांचा फरक पडतो. हे कळणं मोलाचं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्या ढिगात पिलाटीस आहे, चालणं आहे, वजनं उचलणं आहे, ताणाचे व्यायाम आहेत, पोटाच्या खोल स्नायूंचं बारीक काम आहे. कशाचा किती डोस, कुणाला, हे मला त्यातून निवडायचं असतं, आणि मूळ चाचण्या उघडल्या की पुन्हा तीच दीड ओळ भेटते. अडीचशेवी चाचणीही तशीच लिहायची असेल, तर ती करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो पैसा आधीच्या 249 मध्ये नेमकं काय झालं, हे शोधून लिहून काढायला वापरा.

चांगलं काम होतच नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली ऑस्ट्रेलियातली चालण्याची चाचणी घ्या. कंबरदुखीच्या झटक्यातून नुकतीच बरी झालेली 701 माणसं. एका गटाला फिजिओच्या मार्गदर्शनाखाली चालणं टप्प्याटप्प्याने वाढवायला लावलं. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला अर्धा तास, हे सहा महिन्यांत गाठायचं उद्दिष्ट. सोबत दुखण्याबद्दलची समजूत. पुन्हा दुखणं येईपर्यंतचा मध्यक काळ, म्हणजे निम्म्या लोकांना ज्याच्या आत पुन्हा दुखलं तो काळ, या गटात 208 दिवस होता, दुसऱ्या गटात 112. हे मी पेशंटला एका दमात सांगू शकते आणि तो त्याच संध्याकाळी सुरू करू शकतो. ‘पुन्हा कधी दुखेल’ हाच तर त्याचा प्रश्न असतो. शंभरच्या मोजपट्टीवर तो 38 वर आहे की 41 वर, याची त्याला फिकीर नसते.

समजूत म्हटलं म्हणून थोडं थांबते, कारण माझ्या मते सर्वांत कच्चं लिखाण इथे होतं. एमआरआयचा रिपोर्ट हातात धरून माणूस येतो. ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’. आवाज बारीक झालेला असतो. आम्हाला ठाऊक असतं की ज्यांना कसलाही त्रास नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये एक आढावा निघाला होता. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीतल्या 96 टक्क्यांच्या. दुखत नसतानाही! रिपोर्टमधले काही शब्द केसांच्या पांढरेपणाइतके सर्वसाधारण आहेत. पण घाबरलेल्या माणसाला हे सांगायचं कसं? आकडे आधी की नंतर? रिपोर्ट समोर उघडून की बाजूला ठेवून? ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं त्याच्या कानावर पडलं, तर त्याला वाटतं की आपलं दुखणं खोटं ठरवलं. मग तो उठतो आणि दुसरीकडे जातो. तुमच्या निबंधांमध्ये यासाठी ‘रुग्णशिक्षण देण्यात आले’ असं लिहिलेलं असतं. कुणी दिलं, किती मिनिटं, कोणत्या शब्दांत, आणि रुग्णाने उलट काय विचारलं? संभाषणाचा नमुना जोडा. ध्वनिमुद्रण केलं असेल, तर नावं काढून, परवानगी घेऊन त्यातला एखादा तुकडा लिहून द्या. आमच्यासाठी ते कुठल्याही आलेखापेक्षा उपयोगी आहे.

शस्त्रक्रिया की पुनर्वसन, अशा तुलनांमध्ये तर हे वर्णन निर्णायक ठरतं. 2010 मध्ये छापून आलेल्या स्वीडनमधल्या चाचणीत एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला एक मुख्य अस्थिबंध, नुकताच तुटलेली 121 तरुण, खेळती माणसं होती. काहींची लवकर शस्त्रक्रिया आणि मग रिहॅब, म्हणजे पुनर्वसन. बाकीच्यांचं आधी रिहॅब आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी रुग्णांनी सांगितलेल्या निकालात दोन गटांत फरक दिसला नाही. दुसऱ्या गटातल्या 59 पैकी 23 जणांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती, बाकीच्यांनी नाही. हा निकाल ऐकून अनेक जण विचारतात, ‘मग ऑपरेशन टाळू का?’ याचं उत्तर अख्खं त्या रिहॅबवर अवलंबून आहे. ते रिहॅब चिवट होतं, देखरेखीखाली होतं, पायरी पायरीने वाढवलेलं होतं. माझ्या पेशंटला आठवड्यातून एकदा गरम शेक आणि दोन हालचाली मिळणार असतील, तर तो निकाल त्याला लागूच होत नाही. तेव्हा रिहॅबचा भाग परिशिष्टातसुद्धा न टाकणाऱ्या लेखकांना मी विचारते: तुमच्या चाचणीचा अर्धा भाग कापून वाचकाला काय कळावं?

मैदानावर परतण्याबाबतही असंच. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर 106 रुग्णांवर नजर ठेवलेल्या 2016 च्या अभ्यासात, परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं तितकं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण प्रत्येक महिन्यामागे 51 टक्क्यांनी घटलं. नऊ महिने, हा आकडा आता बऱ्याच खेळाडूंनाही पाठ आहे. पण त्याच अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि एका पायावरच्या उड्यांचे निकष होते, ते मात्र मागे पडले. कारण ताकद मोजायचं यंत्र महाग आणि अवजड असतं, ते बहुतेक ठिकाणी नसतं. शिवाय दुसऱ्या पायाशी तुलना करून 90 टक्के भरलं की पास, या हिशेबातही खोट आहे, कारण घरी बसून तो धडधाकट पायही अशक्त झालेला असतो. 2017 मध्ये हे दाखवून दिलं गेलं. तेव्हा मोजमाप लिहिताना यंत्राच्या जोडीला एक साधा पर्यायही तपासा. एका पायावर खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ठरावीक वजन घेऊन गुडघा किती वेळा सरळ करता येतो. तो पर्याय यंत्राशी कितपत जुळतो, ते तुम्ही सांगितलंत तर आम्ही उद्यापासून वापरू.

उपचार लिहिताना तो किती जणांनी पाळला, हेही लिहायला हवं. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक व्यायाम घ्या: गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी घोटे धरायचे, आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. डेन्मार्कमध्ये 942 फुटबॉलपटूंवर चाचणी झाली, 2011 मध्ये छापून आली. व्यायाम करणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या 15 दुखापती, न करणाऱ्यांत 52. यापेक्षा स्वच्छ निकाल आपल्या क्षेत्रात क्वचितच मिळतो. पण 2015 मध्ये युरोपातल्या बड्या क्लबांकडे चौकशी केली, तेव्हा तो कार्यक्रम पूर्ण पाळणारे जेमतेम 11 टक्के निघाले. आणि युरोपातल्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये एकूण दुखापतींतला हॅमस्ट्रिंगचा वाटा 2001-02 मधल्या 12 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 24 टक्क्यांवर गेला. मला यात खेळाडूंचा आळस दिसत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत मांडी ठणकते, सामना तोंडावर असतो, प्रशिक्षकाला वेळ मोडायचा नसतो. या अडचणी चाचणीच्या वेळीही आल्याच असतील. कोण कधी गळालं आणि काय म्हणून गळालं, याला निबंधात चार परिच्छेद द्या.

आणि स्त्रिया. 2021 मध्ये क्रीडाविज्ञानाच्या सहा नियतकालिकांतले पाच हजारांहून जास्त निबंध तपासले, तेव्हा त्यांत भाग घेतलेल्यांपैकी 34 टक्के स्त्रिया निघाल्या, आणि फक्त स्त्रियांवरचे निबंध 6 टक्के. एसीएल तुटण्याचा धोका मुलींना जास्त, हे आपण सगळे विद्यार्थिदशेत शिकतो. त्यामुळे कोणता डोस कुणावर तपासला, हे सारांशातच दिसू द्या.

यावर मिळणारी उत्तरं मी ऐकलेली आहेत. शब्दमर्यादा आड येते, म्हणतात. पण निबंध आता ऑनलाइन छापले जातात; परिशिष्टाला आणि व्हिडिओला कोण अडवतं? दुसरं उत्तर असं की उपचार प्रत्येक रुग्णानुसार बदलला, म्हणून लिहिता येत नाही. मला हे मान्य नाही. बदलला तर कशावरून बदलला, तो नियम लिहा. ‘दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल, तर वजन तेच ठेवलं’, हे एक वाक्य झालं. अनुभवी फिजिओच्या डोक्यातले असे नियम हीच तर खरी विद्या आहे. ती लिहिली नाही, तर ती त्या माणसाबरोबर निवृत्त होते.

नियम नाहीत अशातलाही भाग नाही. उपचाराचं वर्णन कसं करावं यासाठी 2014 मध्ये ‘टायडिअर’ ही बारा मुद्द्यांची यादी आली, खास व्यायामासाठी 2016 मध्ये ‘सर्ट’ ही सोळा मुद्द्यांची. बरीच नियतकालिकं अशा याद्या मागतात. लेखक खुणा करतात, पान क्रमांक टाकतात, आणि ते पान उघडलं की तीच दीड ओळ दिसते. संपादकांनो, खूण आहे की नाही हे पाहू नका. दिलेलं पान उघडून वाचा.

तेव्हा माझी एक ठोस मागणी आहे. चाचणी सुरू करण्याआधी, नैतिक समितीकडे कागद पाठवाल त्याच सुमारास, तुमच्या उपचाराचं वर्णन एका अशा फिजिओला द्या ज्याचा तुमच्या प्रकल्पाशी काही संबंध नाही. त्याला सांगा, फक्त हे वाचून एका माणसावर पहिली भेट करून दाखव. तुम्ही कोपऱ्यात गप्प बसा. तो जिथे जिथे अडेल, मान वर करून विचारेल, ‘इथे किती?’, ‘दुखलं तर?’, ‘पुढे कधी न्यायचं?’, तिथे तिथे टिपून घ्या. तेवढे प्रश्न म्हणजे तुमच्या निबंधातल्या गाळलेल्या ओळी. एका दुपारचं काम आहे. आणि संपादकांनी तपासनीसांमध्ये रोज पेशंट पाहणारा एक जण घ्यावा, त्याला संख्याशास्त्र विचारू नये, एवढंच विचारावं की हे वाचून तू उद्या सकाळी हा उपचार देऊ शकशील का. उत्तर ‘नाही’ आलं तर निबंध परत पाठवावा.

त्या दुपारी अडायला आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्यासारखे पुष्कळ जण आनंदाने तयार होतील. बोलावून बघा.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट